पाच अक्षरं, उजवीकडून

बाई आली तेव्हा मी एका फर्नांडिसचा क्रूस घासत होतो,
चिंचपोकळीत, पुलालगतच्या गाळ्यात.
पिशवीतून तिनं चौघडी कागद काढला.
वर पाच अक्षरं, खाली आपल्या लिपीत:
इथामार शलोम झिराडकर,
जन्म नवगाव, मृत्यू भायखळा.
"वरळीच्या कबरस्तानात लावायचाय. वर्ष भरायच्या आत."

खडू हातात घेतला तशी म्हणाली,
"उजवीकडून हो, मिस्त्री."
मला ठाऊक होतं.
वीस वर्षांमागं एका रूबेनला मी डावीकडून कोरला होता,
तो दगड अजून माझ्या मोरीत आहे,
बायको त्यावर कपडे आपटते.

पहिलं अक्षर आलेफ.
"याचा आवाज काय?"
"काहीच नाही. ते नुसतं तोंड उघडतं."
दुसरं एवढंसं, छिन्नीचा एकच टोला.
शेपूट लांबली की वेगळंच अक्षर होतं,
म्हणून श्वास धरून मारायचा.

"असलं नाव पहिल्यांदाच कोरतोय."
"आमच्यातही कुणाचं नसतं.
मास्तर हजेरीला म्हणायचे, इथे मार,
आणि मागच्या बाकावरची पोरं मारायची."
हसली. मग तिनं स्टूल ओढलं.
"ई म्हणजे बेट. तमार म्हणजे खजुराचं झाड.
खजुरांचं बेट."

मी म्हणालो, बेटं इथंही होती म्हणे, सात.
ताडदेवला जाऊन एक ताड दाखवा.

"बाबाही तेच म्हणायचे.
पण त्या लिपीत स्वर लिहीत नाहीत,
ज्यानं त्यानं आपला घालायचा.
पहिली दोन अक्षरं जरा वेगळी म्हटली
की तेच नाव विचारतं:
कुठंय?
कुठंय खजूर?"

बाबा गोदीत कारकून. शुक्रवारी दिवे लागायच्या आत
माझगावहून पायी घरी.
वाटेतला माड तुटलेला दिसला
की खिशातल्या वहीत तारीख टाकायचे.
पोथीतला इथामारही हिशेबनीसच, ती म्हणाली,
तंबूचं सोनं, रुपं, तांबं त्याच्या हाताखाली मोजलं गेलं.
त्याचे थोरले दोघं भाऊ परका अग्नी घेऊन आत गेले
आणि जळाले.
बाप गप्प राहिला. तसंच लिहिलंय, गप्प राहिला.
"बाबांच्या आधीचीही दोन गेली,
एक गोवरानं, एक पाळण्यातच.
आजोबांनी पोथी उघडून
जो उरला त्याचं नाव शोधलं."

तेव्हा मी हातोडा खाली ठेवला.
माझ्या आधी तीन.
आईनं मला सुइणीच्या ओटीत टाकलं,
पसाभर कोंडा देऊन परत विकत घेतलं
आणि नाव ठेवलं धोंडू.
धोंड्याला कुणाची नजर लागते.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग दगडाकडे.
"म्हणजे तुमचंही तेच नाव," म्हणाली.
नाही हो, मी म्हणालो. माझ्यात झाड कुठंय?

बाहेर चिंचेखाली पोरं बोटुकं पाडत होती.
एक घरंगळत गाळ्यात आलं.
तिनं उचललं, सोललं, जिभेला लावून डोळे मिटले.
"अरबांनी हिलाही तमरच म्हटलं. हिंदी तमर.
आणि बाबा आयुष्यभर
चिंचपोकळीवरून जात होते."

रात्री बल्ब ओढून उरलेली तीन अक्षरं घेतली.
शेवटचं वाकलेलं,
वजन उतरवून उभ्या राहिलेल्या हमालासारखं.
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे
मी केसभर जागा जास्त सोडली.
मापात नव्हती.
कुणी कुठंय असं वाचलं
तर त्याला क्षणभर थांबता यावं.

पुढल्या बुधवारी ती टेम्पो घेऊन आली.
बोटानं उजवीकडून डावीकडे गेली,
त्या जागेवर बोट अडलं, काही बोलली नाही.
पैसे मात्र दोनदा मोजले.
आणि पावती मागितली.